कोंबड्याला लागलंय म्हणून सांगितलं

माझा थोरला भाऊ तेर्यो झुंजीआधी कोंबड्याच्या डाव्या पायाला पातं बांधत होता. पात्यावरचं म्यान निघालं आणि त्या मेल्याने झेप घेतली. बोटाएवढं वाकडं पातं तेर्योच्या मांडीत शिरून गुडघ्यापर्यंत फाडत गेलं. रक्त माझ्या तोंडावर उडालं.

उसाच्या फडामागची ती झुंज चोरटी होती. इस्पितळात नेलं तर पोलीस येणार, म्हणून तेर्योने घरीच न्यायला लावलं. त्याच्या बायकोने, निसिंगने, फोन काढला. आमच्या नेग्रोस बेटावरच्या कोंबडेवाल्यांचा फोनवर एक गट आहे, त्यात जखमा शिवणारे एकाहून एक उस्ताद. पण गटप्रमुख नेमेस्यो भारी कडक. माणसाच्या दुखण्याबद्दल तिथे विचारायचं नाही. लेकराच्या तापाचं औषध विचारणाऱ्या एका बाईला त्याने तिथल्या तिथे हाकललं होतं. म्हणून निसिंगने लिहिलं, कोंबड्याच्या मांडीला पातं लागलंय, रक्त थांबत नाही.

उत्तरं धडाधड आली. कोंबड्यांच्या बाबतीत लोक फार प्रेमळ. कुणी म्हणालं, गळाच्या दोऱ्याने शिव. मी शिवलं. तेर्यो गुरासारखा ओरडला, माझ्या दंडाला कडकडून चावला. कुणी म्हणालं, उभा करून बघ. मी केला. टाके उसवले आणि रक्ताचा लोट आला. मग नेमेस्योचं उत्तर आलं. निसिंगने घाईत ते मोठ्याने वाचलं, "मान टाकत असेल तर हाल करू नका. पिरगाळून टाका."

तेर्योने ते ऐकलं. तो शुद्धीत होता.

मग निसिंगने नेमेस्योला फोन लावून रडत रडत खरं सांगितलं. जखमेत मूठ घालून दाबून धरा, मी जीप आणतो, असं तो ओरडला. मी मूठ घातली. माझ्या मुठीभोवती माझा भाऊ गार होत गेला.

नेमेस्यो आला तेव्हा मी त्याच्या तोंडावर गुद्दे घातले, दात पडेपर्यंत. त्याने हात उचलला नाही.

"माणूस आहे असं आधीच लिहायचं होतं," तो रक्त थुंकत म्हणाला.

"लिहिलं असतं, दादा, तर तुम्ही मला काढलं असतंत," निसिंग म्हणाली.

तिच्या हातातला फोन वाजला. गटातल्या कुणीतरी विचारलं होतं, कोंबडा कसा आहे? तिने लिहिलं, गेला.

लगेच उत्तर आलं. "वाईट झालं, वहिनी. पण वाया घालवू नकोस. आलं आणि कच्ची पपई घालून रस्सा कर."