पिवळी चिठ्ठी

मालनपूरच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकच्या रबरी नळ्या बनतात. लाइन एकच, ऑर्डरी दोन: एक देशी कंपनीची, एक विदेशी. तपासणीवर मी, रघुनाथराव, सव्वीस वर्षं.

हजीऱ्यातल्या आमच्या गल्लीत निम्मी घरं याच कारखान्यावर चालतात. कुणाकडे नवी गाडी आली की आपल्या हातच्या भागाला आधी कुंकू लावायचं, मग नारळ. कारखाना देशी ऑर्डरीवर उभा राहिला, म्हणून गल्लीत विदेशी गाडी शिरलेली नाही. आणि माझी मुलगी सोनल जेवताना म्हणते, विदेशी बुक करते आहे!

"लाज नाही वाटत? ज्यांचं खाल्लं त्यांच्याशीच?" मी ताटावरून ओरडलो.

"बाबा, तुम्हीच तर रोज बोलता! विदेशीवाले बालभर फरक पण सोडत नाहीत, आणि आपलेवाले पिवळ्या चिठ्ठीवर चालवून घेतात. नळी दोन्हीत तुमचीच आहे ना? मग मी तीच घेईन, जी तुम्ही पूरी चेक केली आहे."

माझ्या बायकोचं, विजयाबाईंचं, लाटणं थांबलं. मी हात धुतला आणि गच्चीवर गेलो.

राग पोरीचा नव्हता. देशी लॉटमध्ये जरा खोट निघाली आणि ट्रक उभा असला, की पिवळ्या चिठ्ठीवर 'चालेल' लिहून माल सोडतात. खाली तपासणाऱ्याची सही लागते. म्हणजे माझी. घरी मी साहेबांच्या नावाने बोटं मोडायचो, सहीचं मात्र कधी बोललो नाही. सोनल रोज गोहदच्या शाळेत शिकवायला जाते. गाडी घेतली की भिंड रोडवर ट्रकांच्या मधून तिला ब्रेक मारावा लागणार. हे मला त्या चिठ्ठ्यांवर सह्या करताना एकदाही सुचलं नव्हतं, याची मला भयंकर शरम वाटली.

सकाळी तिला म्हटलं, "बुकिंग थांबव."

"कधीपर्यंत?"

"दिवाळीपर्यंत."

"ठीक आहे. पण दिवाळीच्या पुढे एक दिन पण नाही, बाबा."

त्याच दिवशी देशी लॉट आला. नळीच्या टोकाची धातूची टोपी ढिली बसत होती. मी लाल शिक्का मारला. आमचे मॅनेजर संग्रामसिंह पिवळी चिठ्ठी घेऊन स्वतः आले.

"रघुनाथराव जी, ट्रक खड़ा है. साइन मार दो."

"नहीं मारूँगा."

"अब तक तो मारते थे!"

"मारता था. गलत करता था."

दुसरा लॉट परत, तिसरा परत. जेवणाच्या सुट्टीत माझ्या बाकावर कुणी बसेना, कारण माल अडला की सगळ्यांचा ओव्हरटाइम जातो. संग्रामसिंहांनी मला स्टोअरमध्ये टाकायची धमकी दिली. म्हटलं, "लिखकर दीजिए, मैं भी वजह लिखकर दूँगा." माझी नोकरी तीन वर्षं उरली होती आणि जिद्द त्याहून जास्त होती. सातवा लॉट परत गेला तेव्हा टोप्या दाबणाऱ्या मशीनचा घासलेला साचा शेवटी बदलला; ती तारीख मी घरी जेवताना सांगितली. त्यानंतर मी पिवळं पॅड कपाटात कोंडलं आणि किल्ली जानव्याला बांधली.

धनत्रयोदशीला सोनल गल्लीत गाडी घेऊन आली. देशी! लोक जमले. विजयाबाई कुंकवाची कोयरी घेऊन पुढे झाल्या.

"थांबा," मी म्हटलं. नव्या सदऱ्यानिशी धुळीत आडवा होऊन, टॉर्च घेऊन मी गाडीखाली शिरलो. प्रत्येक नळीवर तारखेचा शिक्का असतो. चाकामागच्या नळीवरचा शिक्का वाचला: साचा बदलल्यानंतरचा. चारही नळ्या पाहिल्या. डोळ्यांत पाणी आलं, ते तिथेच पुसलं आणि बाहेर आलो.

"बरोबर आहे," मी सांगितलं.

"माहीत आहे," सोनल म्हणाली. तिच्या साडीच्या गुडघ्यांवर काळे डाग होते. "शोरूममध्ये मीच घुसून बघितलं होतं. त्याच्याशिवाय आणली असती का?"