द्वारका घरातच होती

चैत्रातली सकाळ होती. होळी नावाच्या गावातल्या आपल्या वाडीत दिवाकर केळींना पाणी सोडत होता. कुंपणापाशी त्याच्या चुलतभावाची बायको, सत्यवती, येऊन उभी राहिली.

"भावजी, उद्या माझ्याकडं हळदीकुंकू हाय. द्वारकेला पाठवा."

"ती माहेरी गेलीय."

"याही चैत्रात? चार वर्षं झाली. माहेरचं पाणी फारच गोड दिसतं तिला." सत्यवती हसली आणि पुढच्या घराकडे वळली.

द्वारका स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. तिने सगळं ऐकलं होतं. दिवाकर आत आला तेव्हा ती म्हणाली, "या वेळी तरी खरं सांगायचं."

"काय सांगू? तू गेलीस तर बायका उठून जातील."

"जाऊ देत. मी बसलेली तर असेन."

दिवाकर पुन्हा पाण्याकडे गेला.

पाच वर्षांपूर्वी तिच्या कानामागचे केस जाऊन रुपयाएवढी चाई पडली. वर्षभरात डोक्यावरचे सगळे केस गेले, मग भुवया. कोणी गुंज उगाळून लावायला सांगितली, त्या गुंजेने कातडी तेवढी सोलवटली. माणिकपूरच्या डॉक्टरने सांगितलं, "शरीरच चुकून आपल्या केसांवर उलटतं. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. जगातल्या प्रत्येक देशात अशी माणसं आहेत, लाखांनी." दिवाकरने हे गावात एकालाही सांगितलं नाही. केस नसलेली सवाष्ण म्हणजे बोडकी, तिचं कुंकू अपशकुनी, असं गावाने ठरवून टाकलं होतं, आणि त्याला गावाशी भांडण नको होतं. द्वारका विहिरीवर जायची तीही भर दुपारी, सगळे झोपलेले असताना.

भाद्रपदात ती तापाने गेली. तीन दिवसांत.

आणि मग बायका आल्या. नवऱ्याआधी, सवाष्ण म्हणून गेलेली बाई भाग्यवान, तिच्या पायाचं कुंकू आपल्याला लागावं म्हणून सगळ्या ओटीचं सामान घेऊन आल्या. चार वर्षांत ज्यांनी हा उंबरा ओलांडला नव्हता, त्याही. सत्यवतीने हिरव्या लुगड्याचा पदर द्वारकेच्या डोक्याभोवती घट्ट गुंडाळायला घेतला.

"वहिनी, राहू दे," दिवाकर म्हणाला. "डोकं उघडंच जाईल."

"भावजी, गाव बघंल."

"बघू दे. माहेरी गेलीय म्हणायचो ना, ती इथंच होती. आत. तुम्हाला ठाऊक होतं. मी खोटं बोलतो, हेही ठाऊक होतं."

दिवाकरने सत्यवतीच्या हातातला पदर सोडवून घेतला.

"त्या डोक्याला हात लावून जिला कुंकू लावायचं असेल तिनं लावावं. नुसतं पुण्य न्यायला आलेल्यांनी जावं."

बायका एकेक करून निघून गेल्या. सोळा वर्षांच्या मालनने, दिवाकरच्या मुलीने, कुंकवाची कोयरी पुढे धरली. त्याने द्वारकेच्या कपाळाला कुंकू लावलं आणि उघड्या डोक्यावरून हात फिरवला. केस गेल्यापासून त्यानेही तिथे कधी हात लावला नव्हता.

पुढच्या चैत्रात दिवाकर स्वतः घरोघर गेला. विधुराच्या घरी हळदीकुंकू कसलं, म्हणून लोक हसले. तो प्रत्येक दारात तेच सांगत राहिला, "मालन कुंकू लावणार हाय. विधवेलाही, चाई पडलेलीलाही. ती चाई कोणाला लागत नाय. डॉक्टरनं मला केव्हाच सांगितलं होतं, मीच बोललो नाय."

संध्याकाळपर्यंत फक्त हंसा आली, शेजारची विधवा. ती कैरीची डाळ खाऊन गेली. मालन चटई गुंडाळू लागली, तोच दारात एक अनोळखी बाई दिसली. पदर कपाळापर्यंत ओढलेला, भुवया काजळाने काढलेल्या.

"मी नंदाखालची. बाजारात कानावर आलं," ती म्हणाली. "घरी सांगितलंय, देवळात जातेय."

मालनने तिला आत नेलं. दिवाकर बाहेर ओट्यावर बसला. आतून मालनचा आवाज आला, "किती वर्षं झाली, मावशी?"

"सहा."

नंदाखाल बसने अर्ध्या तासावर होतं. द्वारका इथे आत बसून होती तेव्हा ही बाई तिथे आत बसून होती. त्याने तोंड उघडलं असतं, तर दोघी भेटल्या असत्या.