आवाज बंद होईपर्यंत

धाकट्या मुलीला जुळं झालं त्याच वर्षी मिस्त्रींना झटका आला आणि त्यांचा डावा हात लुळा पडला, म्हणून ते वर्ष मिस्त्रीणबाईंच्या पक्कं लक्षात राहिलं. एकीकडे दोन बाळं, दुसरीकडे नवऱ्याला रोज इस्पितळात न्यायचं. त्या बुधवारीही त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून बाळांचे मोजे विणत होत्या, तेवढ्यात व्यायामाच्या बाई बाहेर आल्या. फिजिओथेरपिस्ट हा शब्द मिस्त्रींच्या जिभेला झेपत नव्हता, म्हणून त्या तरुण मुलीला त्यांनी व्यायामाच्या बाई करून टाकलं होतं.

"काकू, जरा आत या. काका मुद्दाम करतात की काय, मला कळेनासं झालंय."

नवरा मुद्दाम काय काय करू शकतो याची यादी मिस्त्रीणबाईंकडे तयार होती, पण हे त्यात बसणारं नव्हतं. मिस्त्रींना हात हवा होता. पन्नास वर्षं त्यांनी सायकलच्या वाकड्या चाकांचा आऊट काढून ती सरळ केली होती. या कामात उजव्या हातात पाना असतो खरा, पण चाक फिरवायचं, थांबवायचं, तार चिमटीत धरायची, हे सगळं डावा हात करतो. एका हाताने फार तर हवा भरता येते. दोन महिने दुकानाला कुलूप होतं आणि मिस्त्री घरात बसून दारं-खिडक्यांच्या बिजागऱ्यांना नावं ठेवत होते.

शुक्रवारी मोठे डॉक्टर तपासायला येणार होते. मशीन एकच होतं आणि रांग मोठी. ज्याचा हात पुढे सरकत नाही त्याचं मशीन दुसऱ्याला द्यायचं, असा तिथला शिरस्ता होता.

आत मिस्त्री खुर्चीत बसले होते. डावा हात उशीवर, त्यावर तीन चिकट चकत्या, त्यांच्या वायरी रेडिओएवढ्या डब्यात गेलेल्या. बाईंनी मिस्त्रीणबाईंना समजावून सांगितलं. हात हलला नाही तरी आतला स्नायू किंचित जागा होतो. ते आपल्याला दिसत नाही, पण डब्याला कळतं आणि डबा आवाज करतो. आवाज वाढला की माणसाला उमगतं, आपण बरोबर वाटेवर आहोत, आणि तो आणखी जोर लावतो. बाकीच्यांना हे चार दिवसांत जमायचं. काकांचा आवाज यायचा आणि लगेच बंद पडायचा. पंधरा दिवस हेच चाललं होतं.

बाईंनी मूठ वळायला सांगितली. मिस्त्रींच्या कपाळावर आठ्या आल्या. डबा कुंईऽ करायला लागला. त्याबरोबर मिस्त्रींनी मान कलती केली, डोळे बारीक केले, आणि आवाज मंद होत होत थांबला. मिस्त्रींनी समाधानाने श्वास सोडला.

मिस्त्रीणबाईंना हसू आवरेना.

"यात दात काढण्यासारखं काय आहे?" मिस्त्री तापले.

"अहो, तुम्ही आऊट काढताय."

मग त्यांनी बाईंना सांगितलं. चाक टांगायचं आणि रिमजवळ पत्र्याची एक पट्टी धरायची. चाक जिथे वाकडं असेल तिथे ते पट्टीला घासतं, आवाज करतं. तिथली घासणाऱ्या बाजूची तार ढिली करायची, पलीकडच्या बाजूची आवळायची, आवाज बंद होईपर्यंत. या माणसाच्या कानाला पन्नास वर्षं आवाज म्हणजे खोट.

बाई स्टुलावर बसल्याच. त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. मिस्त्री म्हणाले, ते मला पहिल्याच दिवशी कळलंय, मी काय बहिरा आहे? डोक्याला कळतं, पण आवाज आला की अंगाला राहवत नाही. पुन्हा तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा त्यांनी आवाज बंद पाडला आणि तिसऱ्या वेळी स्वतःच्याच हाताला शिवी दिली.

बाई बराच वेळ पेनचं टोपण चावत राहिल्या. मग म्हणाल्या, मान आखडलेल्या लोकांना आम्ही याच डब्यावर मान सैल सोडायला शिकवतो. स्नायू ताठ असेपर्यंत डबा ओरडतो, सैल पडला की गप्प होतो. म्हणजे तिथे डबा गप्प होणं हीच शाबासकी. आणि कधी ओरडायचं हे डब्याला बटणांनी सांगता येतं. तुमच्यासाठी उलटं सांगून बघते. हात झोपलेला असताना तो ओरडेल, कामाला लागला की गप्प बसेल.

दहा मिनिटं बटणं दाबल्यावर डबा जो सुरू झाला तो थांबेचना. शेजारच्या खाटेवरचे गुडघ्याचे आजोबा म्हणाले, कुणीतरी तो कुकर उतरवा.

मिस्त्रींची मान कलली. "कुठे घासतंय बघू," ते पुटपुटले. आवाज थरथरला, तुटला, परत आला. मिस्त्रींच्या नाकाच्या शेंड्यावर घाम जमला. मग खोली एकदम शांत झाली.

उशीवर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं होतं. जेमतेम तांदळाच्या दाण्याइतकं.

"अगं, बघितलंस?"

"बघितलं. उगाच फुगू नका, अजून तीन बोटं बाकी आहेत."

शुक्रवारी मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, हे मशीन उलटं का चाललंय? बाई म्हणाल्या, सर, पेशंट सुलटा चाललाय. डॉक्टरांनी हात पाहिला आणि आणखी सहा आठवडे लिहून दिले.

हात पुरता कधीच आला नाही, अंगठा कायम मागे राहिला. दुकान उघडलं तेव्हा पहिलं चाक आलं पाववाल्याचं. पाव तासाच्या कामाला दोन तास लागले. पाववाला तोवर पायरीवर बसून राहिला. निघताना त्याने चाक एकदा फिरवून पाहिलं आणि म्हणाला, पूर्वीपेक्षा बरं केलंत. ते खोटं होतं. मिस्त्रींनी ते आनंदाने ऐकून घेतलं आणि महिनाभर बायकोला ऐकवलं.

पुढे नऊ वर्षं दुकान चाललं. मिस्त्री वारले ते दहाव्या वर्षी, जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी. दोन गिऱ्हाइकांची चाकं अर्धवट राहिली होती. ती मिस्त्रीणबाई स्वतः त्यांच्या घरी पोचवून आल्या.