मागोमाग येतो

"लाग की गं, भवाने!" ओगुटूने सुझुकीला सातव्यांदा किक मारली. ती जराशी फुरफुरली आणि गप्प झाली.

बाहेर अंगणात माणसं जमली होती. त्याच्या बायकोला, अपीयोला, आज शवागारातून घरी आणायचं होतं. इथे मयत आणताना शववाहिकेपुढे मोटारसायकली चालतात, हँडलला हिरव्या डहाळ्या बांधून, हॉर्न वाजवत. गेली तीस वर्षं पंचक्रोशीतल्या प्रत्येक मयतापुढे ओगुटूच असायचा, आणि दर वेळी वेगळ्या गाडीवर. या खेपेला म्हाताऱ्याने कुठली काढली, हे बघायला पोरंबाळं रस्त्यावर यायची. आज मात्र त्याच्यापाशी धड चालेल अशी एकही नव्हती.

तशा शेडमध्ये पाच होत्या. जनावरांना लस टोचायच्या नोकरीत असताना लिलावात घेतलेली सुझुकी, मिशनच्या पाद्र्याची यामाहा, किसुमूहून आणलेली जावा, एक होंडा आणि कुठलीशी इटालियन. डोळे मिटून आवाजावरून तो गाडी ओळखायचा. माणूस वाईट नव्हता, पण नाद म्हणजे नाद! नवी आली की जुनीचं काहीतरी उपसून तिच्यात घालायचं, ही त्याची जन्माची खोड.

मंगळवारी सकाळी अपीयो चुलीपाशी कोसळली तेव्हा तेवढी होंडा चालू असायला हवी होती. तिचा कार्ब्युरेटर त्याने आदल्याच दिवशी काढला होता, इटालियनला बसतो का बघायला. मेव्हणी अदेरोने धावत जाऊन दवाखान्यात न्यायला भाड्याची मोटारसायकल आणली. अपीयोला मध्ये बसवून मागून तिने धरलं.

"दुसरी भाड्याची बोलवू का तुम्हाला?" अदेरोने विचारलं होतं.

"तुम्ही व्हा पुढे. मी होंडा जोडून मागोमाग येतो," ओगुटू म्हणाला होता. चाळीस वर्षांत तो भाड्याच्या गाडीवर बसला नव्हता. लाज वाटली त्याला. फोन आला तेव्हा स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातातच होता.

आता अदेरो शेडच्या दारात उभी होती. "काय दाजी, पसंत पडतेय का एखादी? माझ्या बहिणीला कधी एवढं न्याहाळलं नाहीत."

"आज तरी नको गं, अदेरो."

"मग कधी? तिचे गुडघे सुजले ते दिसलं नाही तुम्हाला. गाडी जरा खोकली की जेवण सोडून उठायचात."

खरंच होतं ते.

नैरोबीहून आलेला मुलगा, ओकेच, आत आला. "बाबा, सोडा ते. ओबूराच्या मागे बसा. त्याला सांगितलंय मी."

"मागे? मी? अरे, पुढे मीच असणार. माझी बायको आहे ती."

"मंगळवारीही तुमचीच होती," ओकेच म्हणाला आणि निघून गेला.

ओगुटूने हात पुसले.

ओबूरा फाटकाशी गाडी चालू ठेवून थांबला होता. मंगळवारी अपीयोला यानेच नेलं होतं. "बसा काका. पाय जपा, सायलेन्सर तापलाय."

बाकीच्या गाड्या शवागाराकडे सुटल्या. "पुढे घेऊ का?" ओबूराने विचारलं.

"नको. मागेच राहू दे."

शाळेच्या चढावर ओगुटूने त्याच्या कानाशी तोंड नेलं. "ओबूरा, त्या दिवशी वाटेत ती काही बोलली का रे?"

"तोंड वाकडं झालं होतं काका, शब्द कुठला फुटायला? मान मात्र सारखी मागे वळवत होत्या काकू. माझा तोल जायला लागला. शेवटी अदेरोमावशी ओरडल्या, अगं, येतायत ते, मागोमाग येतायत."

ओगुटूने ओबूराचा खांदा धरला आणि मान वळवून मागे पाहिलं. रस्त्यावर नुसती धूळ होती.