माझ्यावरचा तिसरा रंग

मित्रांनो, मोटारीच्या पुढच्या काचेखाली, चालकासमोरून शेजारच्या आसनापर्यंत जी आडवी पट्टी गेलेली असते, तिच्याकडे कुणी मुद्दाम पाहत नाही. मी तशीच एक पट्टी आहे. सव्वीस वर्षांची, प्लास्टिकची आणि आता रंगांना पुरती विटलेली.

जपानमधल्या एका साच्यातून मी बाहेर पडले तेव्हा राखाडी होते. तो राखाडी रंग कुणी माझ्यावर चढवला नव्हता. मी आतपर्यंत त्याचीच होते. जहाजातून श्रीलंकेत आले आणि मातरच्या विमलसेन मास्तरांच्या गाडीत बसून त्यांच्या घरची झाले. मास्तर शाळेला निघण्यापूर्वी जुन्या बनियनचा ओला तुकडा माझ्यावरून फिरवीत आणि गाडी फणसाखाली उभी करीत. "ऊन खाते बिचारी," एवढेच म्हणत. माझ्या वाट्याला आलेली सारी माया या तीन शब्दांत मावते.

मास्तर वारले आणि गाडी त्यांच्या मुलाकडे, लसंतकडे आली. थोरल्या बहिणीने, चंद्रलताने, किल्ली धाकट्या भावाच्या हातावर ठेवताना बजावले, "मल्ली, तात्तांची गाडी आहे. नीट ठेवशील तोवर तुझी. हेळसांड दिसली, तर त्याच दिवशी माझ्या घरी कुरुणेगलला घेऊन जाईन."

लसंत वाईट नाही. इंजिनाचे तेल तो वेळेवर बदलतो. पण सावली शोधायचा त्याला कंटाळा. समुद्रकाठच्या उन्हाने मी फिकटले की तो फवाऱ्याचा डबा आणतो! आधी त्याने मला लाकडासारखी तपकिरी केली. मी लाकूड नाही, मित्रांनो. पण मला विचारतो कोण? वर्षभरात त्या रंगाचे पोपडे निघाले. ते न खरवडताच त्याने चंदेरी फवारला, आणि तोही फाटू लागला तेव्हा चकाकीचे तेल चोळत राहिला. वेदना झाकण्याची माणसांची ही रीत मला कधीच उमगली नाही.

यंदा सिंहली नववर्षाला चंद्रलता येणार असे कळले आणि लसंतच्या तोंडचे पाणी पळाले. जुन्या वर्षाच्या शेवटच्या सकाळी त्याने स्वयंपाकघरातल्या सुरीने मला उपटले. एक खुंटी मोडली.

पायरीवर बसून सणाचे तळलेले कोकिस निवडणाऱ्या त्याच्या आईने, सोमावती अम्मांनी विचारले, "हा हिरवा डबा कशाला?"

"अम्मा, यंदाचा शुभरंग हिरवा. पंचांगातच आहे."

"पुता, ते पंचांग गाडीसाठी नसतं रे!"

"शुभ ते शुभ. अक्का खूश होईल बघ."

"आणि पुसून घेतलंस का तिला?"

"वेळ कुठंय? दुपारी नोनगत लागेल."

नोनगत म्हणजे जुने वर्ष सरलेले आणि नव्याचा मुहूर्त न आलेला असा मधला काळ. त्यात चूल पेटत नाही, कामाला हात लागत नाही. अशा काळाच्या तोंडावर याला कला सुचली! त्याने माझ्या कडांना चिकटपट्टी लावली आणि फवारले. खालच्या तेलाने रंग धरलाच नाही. अंगभर खळगे पडले. ते बुजवायला त्याने ओल्यावर ओला, आणखी ओला थर दिला. मी गुदमरले. इतक्यात गल्लीत नोनगत लागल्याचे फटाके वाजले.

"ठेव तो डबा खाली," अम्मा म्हणाल्या. "विहाराला चल."

"फक्त ही चिकटपट्टी काढतो. रंग ओला आहे तोवरच निघते ती."

"नोनगतीत कामाला हात लावशील? माझ्या घरात?"

लसंतने हात मागे घेतला. संध्याकाळपर्यंत मी ओसरीवर पडून होते. मुहूर्तावर चूल पेटली, दूध उतू गेले आणि नव्या वर्षाचे पहिले काम म्हणून त्याने माझी चिकटपट्टी ओढली. तिच्याबरोबर रंगाच्या लांब धांदोट्या निघाल्या. त्या जखमांवर त्याने पुन्हा जाड थर ओतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला तशाच चिकट अंगाने गाडीत ठोकून बसवली.

तासाभरात चंद्रलता आली. केळ्यांचा घड उतरवून ती थेट गाडीकडे गेली. तिने इंजिन पाहिले, तेल बोटावर घेऊन निरखले. लसंतने श्वास सोडला. मग ती आत बसली आणि तिने तळहात माझ्यावर टेकला.

तो निघेना. निघाला तेव्हा हिरवा होता.

"मल्ली, हे काय?"

"शुभरंग, अक्का."

"चूल पेटवताना नेसायचा रंग तू गाडीला नेसवलास?"

अम्मांनी पदराआड तोंड लपवले. लसंत हसला नाही. "घाबरलो होतो," तो म्हणाला. "पुसलं नाही, घासलं नाही. आधीचे दोन रंगही असेच लपवालपवीचे. गाडी न्यायची तर ने. पण इंजिनाची हयगय कधी केली नाही, तेवढं लक्षात ठेव."

चंद्रलताने तळहातावरचा हिरवा रंग नखाने खरवडला.

"इंजिन तात्तांच्या वेळेपेक्षाही चांगलं चालतं," ती म्हणाली. "गाडी राहू दे तुझ्याकडे. रंगाचे डबे मात्र सगळे मी घेऊन जाते."

आणि खरोखरच पिशवी भरून घेऊन गेली.

मित्रांनो, मी अजून चिकटच आहे. माझ्यावर धूळ बसते आणि बसली की सुटत नाही. म्हणून वैतागून, पण मनापासून सांगते: तुमच्या हाताखाली झिजणाऱ्या वस्तूला रंगवायचेच असेल, तर आधी तिचे जुने पोपडे खरवडा, तिला धुवा, वाळू द्या, वाट पाहा. आणि एवढा धीर नसेल, तर कृपा करून तिला फिकीच राहू द्या.