आप्पांच्या सायकलीची समुद्रातली डुबकी

मित्रांनो, मी खुटबावची एक जुनी काळी सायकल आहे. मधल्या दांड्याची, रुंद कॅरियरची आणि थोड्या तिरसट स्वभावाची. माझ्या वयाच्या सायकली केव्हाच भंगारात गेल्या. मी मात्र समुद्रात डुबकी मारून आले. ते कसं घडलं हे आप्पा कुणालाच धड सांगत नाहीत, म्हणून मीच सांगते.

कारखान्यात जन्मले आणि दौंडच्या बाजारपेठेतून आनंदरावांनी, म्हणजे आमच्या आप्पांनी, मला घरी आणलं. तेव्हा माझ्या हँडलला लाल झिरमिळ्या होत्या. पुढे कॅरियरवर खताची पोती आली, दुधाच्या किटल्या आल्या, एकदा तर आजारी बोकडही आला. आप्पा पाणीवापर संस्थेचे चेअरमन झाले तेव्हा कालव्याच्या कडेनं मीच त्यांना फिरवलं. कुणाच्या रानाला कधी पाणी सुटणार, हे ते माझ्या सीटवर बसून ठरवायचे. सगळे मला वाट देत. मग घरात मोटारसायकल आली आणि माझी रवानगी गोठ्यात झाली. कोंबड्या माझ्या हँडलवर झोपायच्या. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

अशात दौंडच्या विक्रमनं समुद्रकाठानं सायकलफेरी काढायची ठरवली. विक्रम रेल्वेत नोकरीला आहे आणि उत्साह त्याला जरा जास्तच आहे. लांबच्या वस्त्यांवरून शाळेला पायी येणाऱ्या मुलींना सायकली मिळवून द्यायच्या, हा त्याचा बेत. देणगीदारांची अट सरळ होती. जो स्वतःच्या बळावर शेवटपर्यंत पोचेल, त्याच्या नावानं एका मुलीला सायकल. जो मदतीच्या टेम्पोत बसेल, त्याची मुलगी राहिली. आप्पांनी ग्रामसभेत उभं राहून लांबच्या वस्तीवरच्या सृष्टीचं नाव जाहीर केलं. टाळ्या पडल्या. सृष्टीचा चेहरा उजळला. आता खरोखरच सायकल चालवावी लागणार, हे आप्पांच्या लक्षात घरी आल्यावर आलं.

नवी गिअरची सायकल त्यांना बसायला टोचली. मग माझ्यावरच्या कोंबड्या हाकलल्या गेल्या.

फेरीच्या शेवटच्या दिवशी आम्ही दुपारी आंजर्ल्याला पोचलो. संध्याकाळपर्यंत हर्णै गाठायचं, की संपलं. ओहोटी होती आणि वाळू लांबवर उघडी पडली होती. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला फोटो हवा, म्हणून आप्पांनी मला थेट पाण्यापाशी उभं केलं. फोटो झाला आणि मी तिथेच राहिले. सायकल वर घ्या, असं विक्रमनं सुचवून पाहिलं.

"भरती पुनवंला येती. आज अष्टमी हाय," आप्पा म्हणाले. "पाण्यातलं मला नगं शिकवू."

चोरी नको म्हणून त्यांनी माझ्या मागच्या चाकाला कुलूप लावलं, सुरूच्या सावलीत भाकरी खाल्ली आणि तिथेच घोरायला लागले.

आधी माझे टायर भिजले. मग पेडल. मग साखळी बुडाली आणि एका लाटेनं मला सरळ आडवं केलं. शेजारी मासळी वाळवणाऱ्या एका कोळणीनं आरडाओरडा केला म्हणून बरं. आप्पा धावत आले. किल्ली कुठल्या खिशात आहे ते आठवेना आणि चाक तर फिरेना. शेवटी त्यांनी आणि कोळणीनं मिळून मला फरफटत बाहेर काढलं. कोळीण हसून हसून खाली बसली. पाणी रोज दोनदा चढतं, अष्टमी असो नाहीतर एकादशी, असं तिनं सांगितलं. आप्पांच्या मिशीतून पाणी गळत होतं.

"दिसातनं दोनदा?" त्यांनी गंभीरपणे विचारलं. "आन् हितला चेअरमन कोण हाय?"

माझी अवस्था मात्र हसण्यासारखी नव्हती. पुढचं चाक वाकलं होतं, साखळी वाळूनं गच्च झाली होती. बाकीचे पुढे गेले होते. विक्रमनं टेम्पोचं फळकं खाली सोडलं आणि हळूच सुचवलं, की बसा आणि हर्णैच्या अलीकडे उतरून चालत या, कुणाला कळणार नाही. आप्पांनी संस्थेत अशा तडजोडी पुष्कळ केल्या आहेत. त्यांनी त्या फळक्याकडे बराच वेळ पाहिलं. मी मनातून खचले. आता हे बसणार, सृष्टी राहणार आणि दोष माझ्या चाकाला येणार, असं वाटलं.

"ती पोरगी रोज पायीच जाती," आप्पा म्हणाले. "मी एक दीस गेलो तर झिजत न्हाई."

मग किल्ली शोधून त्यांनी कुलूप काढलं आणि ते मला ढकलत निघाले. खाडीवरचा पूल कसाबसा ओलांडला. चढ लागला तेव्हा चाक पुरतं अडकलं, तसं त्यांनी मला खांद्यावर घेतलं. दम लागला की ते थांबत, मला उद्देशून एक शिवी देत आणि पुन्हा चालू लागत. जन्मभर मी त्यांना वाहिलं, पण कुणी मला वाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मला लाज वाटली आणि सुखही फार झालं.

दिवेलागणीला हर्णै आलं. शाल आली, नारळ आला आणि कुणीतरी आप्पांच्या हातात माइक दिला. मी घाबरले. आमच्या गावात त्यांच्या हातात गेलेला माइक लवकर परत येत नाही.

"सृष्टीचं नाव लिवून घ्या," ते म्हणाले. "आन् विहीर कुठं हाय ते सांगा. हिचं खारं अंग धुवायचंय." एवढं बोलून त्यांनी माइक परत दिला.

आता मी पडवीत असते. सृष्टी तिच्या नव्या निळ्या सायकलीवरून रोज आमच्या दारावरून शाळेला जाते. पहिले काही दिवस ती सायकल हरणासारखी पळायची. हल्ली तिची साखळी कुईकुई करते. मला ते ऐकवत नाही आणि ओरडून सांगायला मला तोंड नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी खुटबावला गेलं तर तिला माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, बाळ, या सायकलीसाठी एक जाडा म्हातारा दुसरी सायकल खांद्यावर घेऊन घाट चढलाय. साखळीला दोन थेंब तेल घाल.