सोप्या जागेतली पाचर

नदीकाठच्या झाडीतल्या त्या कड्यावर आज पहिल्यांदाच लेक पुढे चढली होती आणि आई मागे राहिली होती. पुढचीनं खडकाच्या भेगांत लोखंडी पाचरी अडकवून त्यांतून दोघींच्या कमरेला बांधलेला दोर न्यायचा आणि मागचीनं त्या काढत वर यायचं, अशी रीत. जन्मभर पुढे चढलेल्या आईला हे मागून येणं काही पचत नव्हतं.

"सावकाश ये गं, आई!" वरून लेक ओरडली.

आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मला शिकवू नकोस! तुझे दुधाचे दात पडायच्या आधीपासून चढतेय मी."

मध्येच कडा आडवा पार करायचा होता. अवघड पावलाआधीची पाचर आईनं काढली. आता हात सुटला, तर झोका खाऊन थेट पलीकडच्या खडकावर! तिनं मान वळवली. अवघड पाऊल संपताच, हातभर पुढे, आणखी एक पाचर होती. तिथं तर शेंबडं पोरही उभं राहिलं असतं. लेकीला स्वतःला तिचा काडीचा उपयोग नव्हता. ती होती मागून येणारीसाठी; हात सुटलाच, तर झोका हातभरच बसावा म्हणून.

लहानपणी हीच कुरकुरायची, "आई, सोप्या जागेत पाचर कशाला लावत बसतेस?" आईनं कारण कधी सांगितलं नव्हतं. पोर घाबरली असती.

वर पोचल्यावर आई खेकसली, "सोप्या जागेत पाचर कशाला गं लावत बसलीस?"

लेक दोर गुंडाळत म्हणाली, "सांगितलं असतं, तर घाबरली असतीस."